सेफ्टीवाले काका कोणत्या श्रेणीत? एका रुग्णालयातलं पगाराचं प्रकरण

फाइल पातळ होती. वर निळ्या शाईत लिहिलेला एक पानी मराठी अर्ज, खाली पदवी-पदविकांच्या झेरॉक्स. मागणी एकच: सध्याचा पगार 36,500 रुपये, तो 55,000 व्हावा. अर्जाच्या कडेला एचआर मॅडमनी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'मार्केट रेट बघून कळवा.' त्या एका ओळीसाठी मला बोलावलं होतं.

रुग्णालय पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरातलं, ट्रस्टचं, 180 खाटांचं. नाव देत नाही आणि काही खुणा मुद्दाम पुसल्या आहेत. वर्ष 2023. मी पगाररचनेची कामं करतो. कोणत्या खुर्चीला किती द्यायचे, कोण कोणाच्या वर, भत्ता मूळ पगारात धरायचा की बाहेर ठेवायचा, असल्या गोष्टी. रुग्णालयांची चार-पाच कामं आधी केली होती, पण सेफ्टीच्या एकट्या खुर्चीचं प्रकरण हे पहिलंच.

अर्जदार 46 वर्षांचे. सगळं रुग्णालय त्यांना 'सेफ्टीवाले काका' म्हणायचं, म्हणून इथेही तेच म्हणतो. केमिस्ट्रीत बी.एस्सी., नंतर औद्योगिक सुरक्षेचा ॲडव्हान्स्ड डिप्लोमा, ज्याला त्या धंद्यात 'एडिस' म्हणतात. कोकणातल्या रासायनिक पट्ट्यात 14 वर्षं काढलेली, तिथला शेवटचा पगार 52,000. मग इथे 34,000 वर का आले? आईचं डायलिसिस. आठवड्यातून तीन वेळा कोकणातून घाट चढून आणणं जमेना, म्हणून बिऱ्हाडच शहरात हलवलं आणि मिळेल ती नोकरी धरली. मुलाखतीत त्यांनी हे सगळं मोकळेपणाने सांगून टाकलं होतं. एचआरच्या नोंदीत ते एका शब्दात उतरलं होतं: 'गरजू'. पगाराचा आकडा कसा ठरतो यावर मोठमोठे तक्ते बनतात, पण पहिला आकडा बहुतेक वेळा असाच ठरतो. दोन वर्षांच्या दोन वाढी धरून तो 36,500 झाला होता.

ते रुजू झाले फेब्रुवारी 2021 मध्ये. हा महिना योगायोगाचा नव्हता. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि 10 बाळं गेली. राज्यभरातल्या रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. या रुग्णालयातही ऑडिटवाले आले, 40-50 त्रुटींची यादी देऊन गेले, बिल घेऊन गेले. त्रुटी दूर कोण करणार, हा प्रश्न मागे उरला. त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून काकांना घेतलं. पुढे एप्रिलमध्ये नाशिकला महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, दाब पडला आणि त्या दिवशी 22 रुग्ण दगावले. दोनच दिवसांनी विरारच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात आग. त्या काळात काकांचा शब्द ट्रस्टच्या बैठकीत ऐकला जायचा. 2022 उजाडलं, बातम्या थांबल्या आणि बैठकीला बोलावणंही थांबलं.

आता 'मार्केट रेट'. मॅडमनी स्वतःच शहरातल्या तीन रुग्णालयांत फोन करून ठेवले होते. एकीकडे 22,000, दुसरीकडे 40,000, तिसरीकडे 65,000. सरासरी काढून झाली होती, म्हणजे माझं काम संपल्यातच जमा. मी पुन्हा फोन केले, फक्त या वेळी पगार विचारला नाही, त्या माणसाचं काम विचारलं. 22,000 वाला एजन्सीचा फायर सुपरवायझर निघाला. सिलिंडरच्या तारखा बघायच्या, ड्रिलच्या दिवशी शिट्टी वाजवायची. 40,000 वाले देखभाल विभागाचे प्रमुख होते. लिफ्ट, जनरेटर, एसी आणि जमेल तशी सेफ्टी. 65,000 वाल्या मॅडम मूळच्या सिस्टर, नंतर हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन केलेल्या, क्वालिटी मॅनेजर; सेफ्टी कमिटीच्या सचिव म्हणून हे काम त्यांच्याकडे आलेलं. तिघांच्या कामात काकांचं काम तुकड्या-तुकड्याने होतं, पण पाटी प्रत्येकाची वेगळी. आणि पगार पाटीला मिळत होता. अशा आकड्यांची सरासरी म्हणजे आंबा, फणस आणि करवंदाचं एकत्र वजन करून भाव काढण्यासारखं.

मग मी उलटीकडून बघितलं. कोकणात याच माणसाला 52,000 का मिळत होते? कारखान्याचा मालक दिलदार होता म्हणून नाही. तेव्हाच्या फॅक्टरी कायद्याच्या कलम 40-बी प्रमाणे 1,000 किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात, किंवा काम धोक्याचं असेल आणि सरकारने तसं ठरवलं असेल तर त्याहून लहान कारखान्यातही, सेफ्टी ऑफिसर नेमावाच लागायचा. महाराष्ट्राने त्यासाठी 1982 मध्ये नियम केले. शिक्षण काय हवं हे त्यात आहेच, पण खरी मेख पुढे आहे. एकटाच सेफ्टी ऑफिसर असेल तर त्याला वरिष्ठ अधिकाऱ्याचा दर्जा द्यायचा, तो थेट कारखान्याच्या प्रमुखाच्या हाताखाली काम करणार, पगार-भत्ते त्याच दर्जाच्या इतर अधिकाऱ्यांसारखे, आणि त्याच्या कामाला बाधा आणणारं दुसरं कुठलंही काम त्याच्या गळ्यात घालायचं नाही. म्हणजे पदाचा मान आणि दाम दोन्ही नियमात लिहून ठेवलेले. हे रुग्णालयाला लागू नव्हतं, कारण रुग्णालय कारखाना नाही. (2025 च्या नोव्हेंबरात नवी कामगार संहिता लागू झाली, तरी तिच्यातही सेफ्टी ऑफिसरची सक्ती कारखाने, बांधकाम आणि खाणी यांच्यापुरतीच आहे.) कोकणातून घाट चढताना काकांनी आईला बरोबर आणलं; हे नियम मात्र खालीच राहिले.

रुग्णालयाच्या पगारपत्रकात त्यांची ओळ 'प्रशासन-4' मध्ये होती. वरच्या ओळीत हाउसकीपिंग सुपरवायझर, खालच्या ओळीत सिक्युरिटी सुपरवायझर. तिघांचाही साहेब एकच, प्रशासन अधिकारी.

एक दिवस मी त्यांच्या मागे-मागे फिरलो. सकाळी आठला सुरुवात. तिसऱ्या मजल्यावर जिन्याचा फायर डोअर, म्हणजे आग-धूर अडवणारं दार, उघडा, आणि तो मिटू नये म्हणून मोडका सलाईन स्टँड अडकवलेला. काकांनी स्टँड काढला. वॉर्डातली मावशी म्हणाली, "काका, ट्रॉली नेताना दार अंगावर येतं हो." ते ओरडले नाहीत. वहीत लिहिलं: 'डोअर क्लोजर सैल करणे.' मला म्हणाले, "दार जड आहे म्हणून ती अडकवते. तिला बोलून काय उपयोग? दार हलकं केलं पाहिजे."

मग नवजात कक्ष. बाहेर चप्पल काढली, हात धुतले, आत गेले. बाळांना ऊब देणाऱ्या प्रत्येक वॉर्मरच्या प्लगपाशी वाकून हाताची मागची बाजू टेकवायचे, पंजा नाही. एक, दोन, तीन, चार. पाचव्यापाशी हात दोन क्षण जास्त राहिला. इनचार्ज सिस्टरना हाक मारली, "ताई, बघा बरं हात लावून." सिस्टरनी लावला. "कोमट आहे." "कालपेक्षा जास्त आहे." तो वॉर्मर त्यांनी दुसऱ्या बोर्डावर हलवून घेतला, सॉकेटवर चिकटपट्टी मारली, तारीख टाकली, इलेक्ट्रिशियनला फोन केला. सगळं मिळून सात मिनिटं. अशा कक्षात ऑक्सिजन सतत चालू असतो. हवेतलं त्याचं प्रमाण नेहमीच्या 21 टक्क्यांवरून थोडं जरी वर गेलं तरी एरवी धुमसून विझणारी गोष्ट पेट घेते. त्यात बाळांना 'बाहेर पळा' म्हणता येत नाही. मी पगाराच्या कामात 'चुकीचा परिणाम' या रकान्याला गुण देतो. कितीतरी मॅनेजरांचे रकाने मी भरलेत, पण गरम सॉकेटसाठी तिथे काय लिहायचं हे मला त्या दिवशी कळेना.

पुढे मॅनिफोल्ड रूम, जिथून सिलिंडरमधला ऑक्सिजन पाइपने वॉर्डांत जातो: सिलिंडरना साखळ्या आहेत का, सिलिंडरच्या कुठल्या रांगेवर पुरवठा चालू आहे, दाब किती, दाराबाहेर कोणी बिडी ओढली का. जैव कचऱ्याच्या खोलीत लाल पिशवीत पिवळीचा माल सापडला, त्यावर मामांशी दहा मिनिटं. आणि साडेदहाला जे सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत संपलं नाही. पार्किंगमध्ये एका नातेवाइकाची गाडी ॲम्ब्युलन्सच्या वाटेत. मग कुणाची तरी चप्पल चोरीला. मग आमदार भेटीला येणार म्हणून लॉबी मोकळी करायची. मी घड्याळ लावून मोजलं. साडेनऊ तासांत सेफ्टीचं म्हणावं असं काम 2 तास 40 मिनिटं. पार्किंगचं जवळपास तेवढंच. प्रशासन अधिकाऱ्यांना विचारलं तर म्हणाले, "सेफ्टी-सिक्युरिटी एकच की हो." मराठीत दोन्हीला 'सुरक्षा' म्हणतात, हा त्यातला एक गमतीचा भाग. पण त्या एका शब्दापायी माणूस वॉचमनच्या ओळीत जाऊन बसतो.

तळघरात रेडिओलॉजी विभाग. तिथल्या वरिष्ठ टेक्निशियनना विभागाच्या किरणोत्सर्ग सुरक्षेचं काम जोडून दिलं होतं. त्यांच्या पगारपत्रकात त्यासाठी दरमहा वेगळा भत्ता होता, आणि तो कधी कोणी मागितला नव्हता. रुग्णालयाने आपणहून दिला होता. कारण साधं. अणुऊर्जा नियामक मंडळाकडे, म्हणजे एईआरबीकडे, सीटी स्कॅनच्या परवान्याच्या कागदात आरएसओ, म्हणजे किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी, म्हणून त्यांचं नाव. नाव काढलं की कागद अडतो, कागद अडला की मशीन, आणि मशीन अडलं की रोजचं उत्पन्न. एकाच इमारतीत, दोन मजल्यांच्या अंतराने, दोन माणसं सुरक्षेचं काम करत होती. एकाचं नाव परवान्यावर होतं, दुसऱ्याचं स्वतःच्या वहीत. या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी धडा मला तिथे मिळाला, आणि अहवालाचं पहिलं पान मी त्यावरच लिहिलं.

दुसरी गोष्ट सापडली ती मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये. काकांच्या फॉर्मवर उद्दिष्ट क्रमांक 1: 'अपघात व घटनांची संख्या कमी करणे.' सुई टोचण्याच्या घटना ते येण्याआधीच्या वर्षी रजिस्टरमध्ये 5. 2022 मध्ये 31. प्रशासन अधिकाऱ्यांनी शेरा मारला होता, 'कामगिरी असमाधानकारक', आणि वाढ 3 टक्क्यांवर रोखली होती.

मी मेट्रनना भेटलो. त्या खळखळून हसल्या. "आधी 5 होत्या? अहो, 5 लिहिल्या होत्या." सफाईच्या मावश्या कंत्राटी. सुई टोचली सांगितलं की कंत्राटदार म्हणणार, हातमोजे का नव्हते, आणि दिवस कापणार. म्हणून बोट दाबून रक्त काढायचं, नळाखाली धरायचं आणि गप्प बसायचं. काकांनी काय केलं, तर कॅज्युअल्टीत एक डबा ठेवला. त्यात चिठ्ठी टाकली की नाव कंत्राटदाराकडे जायचं नाही, औषध मात्र लगेच मिळायचं. एचआयव्हीच्या प्रतिबंधाची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, पहिल्या दोन तासांत झाली तर उत्तम. चिठ्ठ्या वाढल्या म्हणजे मावश्या वेळेवर येऊ लागल्या होत्या. चिठ्ठ्यांवरूनच त्यांना कळलं की निम्म्या सुया एकाच वॉर्डात टोचतात, कारण तिथला सुयांचा पांढरा डबा तोंडापर्यंत भरेस्तोवर बदलत नाहीत. तो बदलायला लावला. आकडा पुढे खाली येणार होता. पण पगारवाढ आकडा वर असतानाच ठरली.

या खुर्चीचा पगार कमी राहण्यात अशा फॉर्मचा हात मोठा असतो असं माझं मत झालं आहे. घटना कमी नोंदवल्या तर बक्षीस, जास्त नोंदवल्या तर शिक्षा. असा फॉर्म भरून घेणाऱ्या रुग्णालयात शहाणा सेफ्टी ऑफिसर काय शिकेल ते उघड आहे.

पगाराचा आकडा मी बाहेरच्या फोनवरून काढला नाही. घरातच तुलना केली. ज्ञान, निर्णय, चुकीचा परिणाम आणि कामाची परिस्थिती या चार रकान्यांत काकांचे गुण बायोमेडिकल इंजिनिअरच्या अगदी जवळ गेले. त्यांचा पगार 48,000. मी शिफारस लिहिली: श्रेणी 'प्रशासन-4' मधून 'तांत्रिक-2' मध्ये, साहेब बदलून वैद्यकीय अधीक्षक, पार्किंग व चपला सिक्युरिटी एजन्सीकडे, फॉर्ममधलं पहिलं उद्दिष्ट 'नोंदवलेल्या घटनांवर ठरलेल्या मुदतीत उपाय' असं, आणि पगार 48,000. मागणी 55,000 ची होती हे खरं, पण पहिल्या झटक्यात घरातली उतरंड मोडली तर बाकीचे सगळे अर्ज घेऊन उभे राहतात. ही माझी सावधगिरी होती. पुढे तिचं काय झालं ते सांगतोच.

ट्रस्टची बैठक. एक ज्येष्ठ ट्रस्टी, सराफ. म्हणाले, "अहो, दोन वर्षांत आग कुठे लागली? मग वाढवायचं कशासाठी?"

वैद्यकीय अधीक्षक म्हणाले, "तुमच्या पेढीवर चोरी झाली नाही म्हणून वॉचमनचा पगार कापता का तुम्ही?"

"कापत नाही. पण वाढवतही नाही."

सगळे हसले आणि विषय तिथेच बारगळणार होता. वाचवला तो हिशेबनीसांनी. एनएबीएच, म्हणजे रुग्णालयांचा दर्जा तपासणारं राष्ट्रीय मंडळ, त्याच्या मानांकनाचं नूतनीकरण आठ महिन्यांवर होतं. त्यात सोयी व सुरक्षा व्यवस्थापनाचं वेगळं प्रकरणच आहे. तपासायला येणारे लोक ड्रिलचे कागद, गॅसच्या वाहिन्या, धोक्यांची यादी, सगळं मागतात. मानांकन नसलेल्या रुग्णालयाला सीजीएचएसचे, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचे, दर 15 टक्क्यांनी कमी. हिशेबनीसांनी त्या योजनेच्या मागच्या वर्षीच्या बिलांवर 15 टक्के काढून कागद फिरवला. आकडा काकांच्या वाढीच्या कितीतरी पट होता. तो मी इथे देत नाही, माझा नव्हे.

तरी सराफ ट्रस्टी हलले ते दुसऱ्याच गोष्टीने. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत 'नमुना ब' द्यावा लागतो. यंत्रणा चालू स्थितीत आहे असं परवानाधारक एजन्सी लिहून देते. त्या जुलैत एजन्सीचा माणूस गच्चीवर न जाताच सही करून मोकळा झाला होता. काकांनी कागद अडवला, कारण गच्चीवरच्या डिझेल पंपाची बॅटरी उतरली होती. एजन्सीने प्रशासनाकडे तक्रार केली, 'तुमचा माणूस त्रास देतो.' ती तक्रार काकांच्या फाइलमध्ये दोषपत्र म्हणून लागली होती. मी ती बैठकीत वाचून दाखवली आणि एवढंच विचारलं की सही एजन्सीची असली, तरी कायद्यात जबाबदारी कोणाची लिहिली आहे? मालकाची किंवा भोगवटादाराची. सराफांनी चष्मा काढला. "म्हणजे आमची?" त्यानंतर घासाघीस झाली ती फक्त आकड्यावर. 48,000 चे 44,000 झाले. साहेब बदलला, फॉर्म बदलला, दोषपत्र फाइलमधून काढलं. पार्किंग कागदावरून गेलं.

काकांना निकाल सांगायला मी स्वतः गेलो. ते मॅनिफोल्ड रूमबाहेर होते. आकडा ऐकून म्हणाले, "चालेल साहेब. पार्किंग गेलं ना?" मग जरा थांबून, "आई गेली मागच्या महिन्यात. आता इथेच राहायला पाहिजे असं काही नाही." मी काही बोललो नाही. 34,000 चा आकडा ज्या गरजेवर उभा होता ती गरज संपली होती, आणि हे रुग्णालयात कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मीही अर्ज, नियम, गुण सगळं तपासलं. हे विचारायचं राहून गेलं होतं.

पाच महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला. पुण्याकडच्या एका मोठ्या रुग्णालयात गेले, पगार 62,000. एनएबीएचची तपासणी तोंडावर. जाहिरात दिली 'फायर अँड सेफ्टी सुपरवायझर' म्हणून. आलेले सगळे अर्ज एजन्सीतल्या मुलांचे. मॅडमनी फोन केला, मी फक्त पदाचं नाव बदलायला सांगितलं. दुसऱ्या जाहिरातीला तीन चांगले अर्ज आले. त्यातल्या एकाने नेबॉश हा सुरक्षेचा ब्रिटिश अभ्यासक्रम केलेला, आखातात चार वर्षं काढलेली. त्याने 60,000 मागितले आणि 'गरजू' म्हणण्यासारखं काही सांगितलं नाही. शेवटी 56,000 वर ठरलं, त्याच 'तांत्रिक-2' च्या ओळीत. ज्या माणसाला 55,000 नाकारले त्याच्या खुर्चीला वर्षाच्या आत 56,000 मोजले गेले, आणि या वेळी ट्रस्टच्या बैठकीत चर्चा चार मिनिटांची. उतरंड मोडली. बायोमेडिकल इंजिनिअरचा अर्ज पुढच्याच आठवड्यात आला. ती फाइलही आता माझ्याकडे आहे.

नवा माणूस हुशार आहे. त्याने सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर आणल्या. रुजू झाल्यावर दोन आठवड्यांनी त्याने काकांना फोन लावला, मी तेव्हा त्याच्याच केबिनमध्ये होतो. त्याने वही उघडून विचारलं, "दादा, नवजात कक्षाच्या पानावर तुम्ही रोज 'पाचवा' लिहिलंय आणि पुढे टिक. ते काय आहे?" पलीकडून काका सांगत होते, हा ऐकत होता. फोन ठेवून तो उठला, चप्पल काढायला लागेल म्हणून बूट न घालताच निघाला.